अस्सल, नक्कल आणि गोषवारा

एखाद्या संगीतप्रेमी गृहस्थाने आपल्याजवळच्या कॅसेटी, सीडी आणि स्नेह्यासोबत्यांकडून जमविलेली मैफलींची ध्वनिमुद्रणे एकदाची संगणकावर चढवून ठेवावीत असे मनात आणले, की पहिल्याच पावलाला वेव्ह, एमपी थ्री, एएसी, ऑग व्हॉर्बिस, फ्लॅक अशा नावांची एक रांगच त्याच्यापुढे उभी राहते; आणि यांतले कोणते पत्करावे असे ज्याला विचारावे, तो आपापल्या आवडीप्रमाणे कौल देऊन मोकळा होतो. वस्तुतः या प्रत्येक नावाला एक कुळ आहे. ज्या काळी जे दुर्मिळ होते, मग ती तारेची क्षमता असो, साठवणुकीची जागा असो वा वापराची मोकळीक असो, त्या टंचाईच्या पोटी त्याचा जन्म झाला आहे. ती टंचाई ओळखता आली, म्हणजे निवडीचा निकाल पुष्कळसा आपोआप लागतो.

या कुळाचा मूळपुरुष अॅलेक रीव्ह्ज हा इंग्रज अभियंता. पॅरिस येथील प्रयोगशाळेत, दूरध्वनीच्या लांबलचक तारांवर साचत जाणारी खरखर कशी टाळावी या विवंचनेत असताना, १९३७-३८ च्या सुमारास त्याने अशी युक्ती योजिली, की आवाजाची लाट तारेवरून धाडूच नये; ठरावीक क्षणांनी तिची उंची मोजावी आणि केवळ ते आकडे धाडावेत, कारण लाट वाटेत मळते, आकडा मळत नाही. निर्वात नळ्यांच्या त्या जमान्यात हा खटाटोप परवडणारा नव्हता, म्हणून युक्ती कित्येक वर्षे कागदावरच राहिली. परंतु आज संगणकात साठविलेला प्रत्येक स्वर हा शेवटी रीव्ह्जच्याच हिशेबाचा वारस आहे.

हा हिशेब सामान्य माणसाच्या घरात शिरला तो सीडीच्या रूपाने. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी तिचे नियम १९८० साली मुक्रर केले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात ती विक्रीस आली. दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी हा तिचा सुप्रसिद्ध आकडा पुष्कळांना शास्त्राचे फर्मान वाटतो. माणसाच्या कानाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येते आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक हवी, एवढे शास्त्राने सांगितले होते हे खरे; पण नेमका हाच आकडा का, याचे उत्तर व्हिडिओच्या फितीत आहे. एवढे आकडे सामावून घेणारे साधन तेव्हा व्हिडिओ टेपखेरीज दुसरे सहज उपलब्ध नव्हते, म्हणून ते काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने चित्राच्या ओळींवर लिहिले जात. एका ओळीवर तीन नमुने (म्हणजे तीन मोजण्या), चित्राच्या एका क्षेत्रात वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला अशी ६० क्षेत्रे: गुणाकार बरोबर ४४,१०० येतो. प्रत्येक नमुन्याला सोळा बिटे आणि डावाउजवा असे दोन प्रवाह धरले, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिटे, अर्थात मिनिटाला साडेदहा मेगाबाइट जागा लागते. वेव्ह नावाची फाइल म्हणजे बहुधा हीच आकड्यांची रास, वर एक छोटेसे शीर्षक लावून ठेवलेली.

एमपी थ्रीचे माहेर मात्र पुन्हा दूरध्वनीच. जर्मनीतील एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठातले प्राध्यापक डीटर झाइट्झर यांच्या मनाने घेतले, की टेलिफोनच्या नव्या आयएसडीएन तारेवरून घरबसल्या संगीत ऐकविता आले पाहिजे. त्या तारेच्या दोन वाहिन्या मिळून सेकंदाला १,२८,००० बिटे वाहत, म्हणजे सीडीच्या मानाने अकरावा हिस्सा. पेटंटच्या परीक्षकाने ही गोष्ट अशक्य ठरवून अर्ज फेटाळला, तेव्हा झाइट्झर यांनी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या आपल्या विद्यार्थ्याला त्याच प्रश्नाला जुंपले. आधार होता तो श्रवणाच्या मानसशास्त्राचा: एक स्वर जोराने चालू असता त्याच्या निकटचा क्षीण स्वर कानाला उमगत नाही, म्हणून तो लिहिलाच नाही तरी चालते. सुझॅन व्हेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे विनासाथीचे गीत प्रारंभीच्या संक्षेपात इतके विद्रूप होई, की ब्रांडेनबुर्ग यांनी तेच कसोटीला लावून पद्धत पुनःपुन्हा दुरुस्त केली. १९९२ साली आंतरराष्ट्रीय मानकात तिचा समावेश झाला आणि १४ जुलै १९९५ रोजी फाइलीच्या शेवटी लावण्याचे ‘एमपी थ्री’ हे नाव ठरले.

जुन्या दप्तरखान्याच्या भाषेत बोलायचे, तर सीडीवरचे आकडे हे अस्सल आणि एमपी थ्री हा त्याचा गोषवारा. गोषवारा कितीही कुशल कारकुनाने केलेला असला, तरी त्यावरून अस्सल पुन्हा उभे करता येत नाही. शिवाय या गोषवाऱ्याच्या दोन खोडी आपल्या संगीतात विशेष जाणवतात. तो आवाजाचे लहानलहान तुकडे पाडून हिशेब करीत असल्यामुळे तबल्यासारख्या वाद्यावरचा खणखणीत आघात तुकड्याच्या मध्येच आला, की आघाताच्या किंचित आधी एक धूसर सळसळ उमटू शकते, आणि बिटांचा दर कमी असला तर ती कानाला कळतेही. दुसरी खोड अशी, की त्याची चौकट १,१५२ नमुन्यांची असल्याने शेवटची चौकट भरण्यासाठी त्याला निःशब्द नमुने घालावे लागतात. परिणामी विलंबितातून द्रुतात जाणारी एकसलग मैफल दोन फाइलींत विभागली, तर सांध्यावर क्षणभर श्वास अडखळल्यासारखे होते. पुढच्या संकेतकांनी, म्हणजे एमपी थ्री तयार करणाऱ्या प्रोग्रॅमांनी, या भरतीची नोंद फाइलीत ठेवण्याची सोय केली, परंतु ती नोंद वाचणारा प्लेअर असेल तरच तिचा उपयोग.

प्लेअरांची कथाही याच काळातली. १९९७ साली जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव्ह या तरुणांनी विनअॅम्प काढला आणि पाहता पाहता तो जगभरच्या संगणकांवर जाऊन बसला. गाण्याचे नाव दाखविण्यासाठी तो फाइलीच्या शेवटच्या १२८ बाइटांत असलेले आयडी थ्री हे टिपण वाचीत असे: खुणेची तीन अक्षरे, गीत, कलावंत, संग्रह आणि शेरा यांना प्रत्येकी तीस, वर्षाला चार आणि प्रकाराला एक. प्रकारांच्या मूळ यादीत ऐंशी नावे होती. त्यांत पोल्का नृत्याला स्थान होते, पण ख्याल-ठुमरीला नव्हते. तीस अक्षरांच्या त्या रकान्यात गायक, तबलजी आणि पेटीवाला यांना एकत्र बसविणे अशक्य, आणि देवनागरीला तर तेथे मज्जावच होता.

१९९८ च्या सप्टेंबरात एमपी थ्रीची पेटंटे बाळगणाऱ्या जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने त्याचे संकेतक लिहिणाऱ्यांकडे परवान्याची मागणी केली, आणि ख्रिस माँटगोमेरी या अमेरिकन प्रोग्रॅमरने कोणाच्याही परवानगीवाचून वापरता येईल अशा व्हॉर्बिसचे काम हाती घेतले. ते २००२ साली पूर्णत्वास गेले. दरम्यान हार्ड डिस्क स्वस्त होऊ लागल्या होत्या. जोश कोल्सन याने २००१ च्या जुलैत फ्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध केली. तिची रीत सरळ आहे: मागच्या काही नमुन्यांवरून पुढच्याचा अदमास बांधायचा आणि प्रत्यक्ष व अदमास यांतली तफावत तेवढी टिपून ठेवायची. तफावत लहान असल्याने निम्म्या-पाऊण जागेत काम भागते, आणि उलट दिशेने हिशेब केला की मूळचा आकडा न् आकडा परत मिळतो. ही अस्सलबरहुकूम नक्कल होय. इतकेच नव्हे, तर मूळ आकड्यांवरून काढलेली सोळा बाइटांची एक खूण फाइलीच्या आरंभी नोंदलेली असते. दहा वर्षांनी फाइल उघडून ती खूण पुन्हा काढावी आणि रुजुवात पाहावी, मधल्या काळात एक बिट जरी बिघडले असेल तरी ते उघडकीस येते. तिच्या टिपणांत कलावंत हवे तितके लिहावेत, राग आणि ताल यांचे रकाने आपण होऊन वाढवावेत आणि मजकूर देवनागरीत भरावा, एवढी मुभा आहे.

विनअॅम्प १९९९ मध्ये एका बड्या कंपनीच्या पदरी गेला आणि पुढे त्याची सद्दी ओसरली; त्याच्या परिवारात काम केलेल्या पीटर पाव्लोव्स्की याने २००२ च्या अखेरीस फूबार २००० आणला; पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी आरंभिलेला व्हीएलसी २००१ पासून सर्वांना मुक्त झाला. प्लेअर असे येतात आणि जातात, म्हणून त्यांच्या खाजगी वहीत आपल्या याद्या व तपशील ठेवणे धोक्याचे आहे.

१९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात धाडलेल्या तबकडीवर गोव्याच्या केसरबाई केरकरांचे ‘जात कहां हो’ आहे. धाडणाऱ्यांनी तबकडीबरोबर सुई दिली आणि ती कशी वाजवावी याची आकृती वेष्टनावरच कोरली, यात मोठा विवेक होता. वाचण्याची रीत ज्याची सर्वांसमक्ष लिहून ठेवलेली आहे, तेच चिरकाल वाचले जाते. फ्लॅकची रीत २०२४ च्या डिसेंबरात आरएफसी ९६३९ या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि एमपी थ्रीच्या परवान्यांचा व्यवहारही २०१७ साली संपुष्टात आला. सारांश, आज दोन्हींपैकी कशालाही मालकाची आडकाठी उरलेली नाही.

तेव्हा संग्राहकाने पहिली प्रत फ्लॅकमध्येच करावी, राग, ताल, साथीदार व साल यांची नोंद त्या फाइलीतच घालावी, आणि खिशात बाळगण्यासाठी तिच्यावरून हवे तितके गोषवारे काढावेत. जे मुळातच एमपी थ्रीत हाती आले, ते तसेच राहू द्यावे. त्याचे फ्लॅक केल्याने जागा अडते, गेलेला स्वर परत येत नाही. संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या घरी ठेवावी. एवढे केले, की प्लेअर ज्याला जो रुचेल तो खुशाल वापरावा.