मशीद स्थानकाची ‘मशीद’ कोणाची?

१/ मध्य रेल्वेवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतरचे पहिले स्थानक मशीद. नाव ऐकून साहजिकच मुस्लिम प्रार्थनास्थळ डोळ्यांसमोर येते. रूढ व्युत्पत्ती मात्र निराळी आहे. ही ‘मशीद’ म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे सिनेगॉग.

२/ हे बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावी गलबत फुटले, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. काळाविषयी एकमत नाही. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली: दिवेकर, किहीमकर, राजपूरकर.

३/ अठराव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबईत आली, पुष्कळजण कंपनीच्या फौजेत शिरले. त्यांतले सॅम्युएल इझिकिएल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. कैदी ‘बेने इस्रायल’ आहे हे कळताच टिपूच्या मातेला कुराणातील उल्लेख आठवला व तिने त्यांना वाचवले, अशी कथा समाजात सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी! सुटकेनंतर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले, हा मात्र इतिहास. नाव ‘शाअर हारहामीम’, दयेचे द्वार. बेने इस्रायल आपल्या बोलीत त्याला मशीदच म्हणत.

४/ आता या कथेतला अप्रिय भाग. १८३० च्या दशकात डेव्हिड ससून आणि अन्य बगदादी ज्यू मुंबईत स्थिरावले. धर्म एक, प्रार्थनेची भाषा एक. तरीही बेने इस्रायलांची वंशशुद्धता त्यांना संशयास्पद वाटे. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी कबरस्तानात दोन्ही समाजांमध्ये भिंत घालावी, असा अर्ज सरकारकडे केला. ‘सर्वांना सामावून घेणारी मुंबई’ या लाडक्या वाक्यात ही भिंत बसत नाही.

५/ बेने इस्रायलांनी मराठी सोडली नाही. पेसाह सणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ मध्ये मुंबईत हिब्रूसोबत मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढे बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. १९३७ मध्ये डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस मार्ग तो त्यांचाच.

६/ १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तेथेही जुना संशय आडवा आला: विवाह लावण्याआधी धर्मगुरू त्यांच्या वंशाची चौकशी करू लागले. या लोकांनी जेरुसलेममध्ये सत्याग्रह केला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरावाने जाहीर केले. त्याच देशात पुढे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले.

७/ मुंबईतली मूळ वास्तू बदलली. १८६० पासून सिनेगॉग आजच्या जागी आहे. स्थानकावर उतरून सॅम्युएल स्ट्रीट विचारा. हा सॅम्युएल म्हणजे आपले सामाजी हसाजी.