काळ्या शाईखालची माणसं

मार्च २०२३ मध्ये सोनीनं ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीला, एक भीती लेखी कळवली. मायक्रोसॉफ्टला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड विकत घेऊ दिली, तर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनवर येत राहीलही. पण त्या आवृत्तीत असे बग राहू दिले जातील, जे अगदी शेवटच्या लेव्हलला किंवा नंतरच्या एखाद्या अपडेटनंतरच वर येतील. ते लवकर पकडले तरी तोवर उशीर झालेला असेल आणि लोकांचा प्लेस्टेशनवरचा विश्वास उडालेला असेल.

ही बातमी आली तेव्हा गेम खेळणाऱ्यांमध्ये तिची भरपूर टिंगल झाली. मला मात्र हसू आलं नाही. मी पुण्यात गेम टेस्टर आहे, आणि शेवटच्या लेव्हलचा बग म्हणजे काय असतं ते रोज बघते. तो सापडायला आधी कोणीतरी पूर्ण गेम खेळून तिथवर पोचावं लागतं. पोचल्यावर तो एकदा दिसतो, पुन्हा दिसत नाही. डेव्हलपर म्हणतो, रिप्रो दे, म्हणजे तोच दोष पुन्हा घडवून दाखव. मग त्याच बिल्डवर, त्याच सेव्हवरून, तेच दार त्याच क्रमानं उघडत बसायचं. कधी शत्रूला आधी मारून, कधी नंतर मारून. रात्रभर कन्सोल चालू ठेवायचा आणि सकाळी क्रॅश झालाय का ते बघायचं. सोनीची शंका खरी होती की ताणलेली, हा भाग वेगळा. पण अब्जावधी डॉलरच्या त्या भांडणात बग शोधणारं माणूस आलं ते असं आडवळणानं, त्याचं नावही न घेता.

या सौद्यावरचे खटले मी तेव्हापासून वाचत आले. माझं म्हणणं सरळ आहे: गेमच्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा सौदा अनेक देशांच्या नियामकांनी तपासला, हजारो पानं लिहिली गेली, आणि गेम बनवणाऱ्यांचं काय होणार हा प्रश्न त्यात जवळपास कुणी विचारलाच नाही.

१८ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड आपण ६८.७ अब्ज डॉलरना घेतोय, शेअरला ९५ डॉलर, सगळे रोख. ‘कॉल ऑफ ड्यूटी’, ‘वॉरक्राफ्ट’, ‘डायब्लो’, आणि किंग कंपनीची ‘कँडी क्रश’ असं सगळं एका झोळीत. विकणारी कंपनी तेव्हा अडचणीत होती. बायकांचा छळ आणि पगारातला भेदभाव यांवरून कॅलिफोर्निया राज्यानं जुलै २०२१ मध्ये तिच्यावर खटला भरला होता.

यातली मूळ अ‍ॅक्टिव्हिजन जन्मली कशी, हे त्या कागदपत्रांत कुठंतरी असायला हवं होतं असं मला वाटतं. १९७९ मध्ये अटारीतल्या चार प्रोग्रामरनी ती काढली: डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅपलान. धंद्याची बाजू सांभाळायला जिम लेव्ही होते. अटारीत कुठली गेम कार्ट्रिज किती खपली याचा एक कागद फिरला. चौघांनी बेरीज केली, तर आपण बनवलेल्या गेम्समधून कंपनीला कोट्यवधी डॉलर मिळतायत आणि आपल्याला मिळतोय साधा पगार, खोक्यावर नावसुद्धा नाही. ते वरिष्ठांकडे गेले. अटारीचे प्रमुख रे कासार वस्त्रोद्योगातून, बर्लिंग्टन इंडस्ट्रीजमधून आले होते. खोकी जुळवणाऱ्या कामगाराइतकेच तुम्ही महत्त्वाचे, अशा अर्थाचं उत्तर मिळाल्याचं क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितलं. माझे आजोबा लालबागला गिरणीत साचाखात्यात होते. त्यांना हे उत्तर ओळखीचं वाटलं असतं. फरक इतकाच की या चौघांना दुसरं दार उघडता आलं. अ‍ॅक्टिव्हिजननं खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव छापलं, माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो दिला. अटारीनं त्यांना कोर्टात खेचलं, १९८२ मध्ये तडजोड झाली, आणि कन्सोल एकाचा, गेम दुसऱ्याचा ही पद्धत कायम झाली. प्लेस्टेशन काय, एक्सबॉक्स काय, आजचा सगळा धंदा त्या पद्धतीवर उभा आहे.

म्हणजे कामगारांच्या गाऱ्हाण्यातून निघालेली कंपनी, आणि तिची विक्री तपासायला निघालेला कायदा मात्र गिऱ्हाइकाकडे बघणारा. अमेरिकेत १८९० चा शर्मन कायदा आहे, १९१४ चा क्लेटन कायदा आहे. क्लेटनच्या सातव्या कलमानुसार, ज्या खरेदीमुळे स्पर्धा लक्षणीय कमी होण्याची शक्यता आहे ती अडवता येते. गेल्या काही दशकांत कोर्टांनी या ‘स्पर्धे’चा अर्थ बहुतेक करून ग्राहकाला पडणारी किंमत आणि मिळणारी निवड इथवर आणून ठेवला. गेमच्या क्षेत्रात त्याआधीही तपासण्या झाल्या होत्या. २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं टेक-टूवर सुमारे दोन अब्ज डॉलरची बोली लावली, तेव्हा फेडरल ट्रेड कमिशननं जास्तीची कागदपत्रं मागवली होती. शेवटी ईएनंच माघार घेतली. चीननं जुलै २०२१ मध्ये टेन्सेंटला हुया आणि डोउयू या गेम-प्रक्षेपणाच्या दोन कंपन्या एकत्र करू दिल्या नाहीत. पण मायक्रोसॉफ्टच्या सौद्याएवढी चिरफाड कशाचीच झाली नव्हती.

फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष तेव्हा लीना खान होत्या. ८ डिसेंबर २०२२ रोजी आयोगानं सौद्याविरुद्ध तक्रार दाखल केली. आधार मुख्यतः बेथेस्डा या गेम कंपनीचा. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिची मालक कंपनी साडेसात अब्ज डॉलरना घेतली आणि पुढे तिचा ‘स्टारफिल्ड’ प्लेस्टेशनला न देण्याचं ठरवलं. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चंही तेच होईल, असं आयोगाचं म्हणणं. जून २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांच्यापुढे मनाई हुकुमासाठी पाच दिवस सुनावणी झाली. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी ‘कॉल ऑफ ड्यूटी’ प्लेस्टेशनवर राहील असं शपथेवर सांगितलं. मायक्रोसॉफ्टचे मुख्य कार्यकारी, हैदराबादचे सत्या नडेला म्हणाले, एकाच कन्सोलपुरते गेम ठेवणं मला आवडत नाही, पण बाजारात सोनी पुढे आहे आणि खेळाचा नियम तिनंच ठरवलाय.

त्या सुनावणीतली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. सोनीचा एक कागद कोर्टात जोडला गेला. त्यातल्या गुप्त आकड्यांवर कुणीतरी काळ्या मार्करनं रेघा मारल्या होत्या. कागद स्कॅन झाला आणि शाईखालचं सगळं दिसू लागलं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला २२ कोटी डॉलर खर्च आला होता, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला २१.२ कोटी. जगभर मथळे झाले ते या रकमांचे. मी तो कागद मोठा करून बघितला. रकमांबरोबर माणसांची संख्यासुद्धा झाकली होती. पहिल्या गेमवर कामाच्या ऐन भरात साधारण २०० माणसं, दुसऱ्यावर ३००. स्पर्धकाला कळू नये म्हणून झाकली असणार, आणि धंद्याच्या दृष्टीनं त्यात वावगं काही नाही. पण पाच दिवसांच्या कामकाजात त्या माणसांचा आकडा लोकांसमोर आला तो केवळ मार्करची शाई पातळ पडली म्हणून, हे मला फार लागलं.

युक्तिवादाच्या शेवटी न्यायाधीशांनी आयोगाच्या वकिलांना आठवण करून दिली की प्रश्न सोनीच्या नुकसानीचा नाही, ग्राहकांच्या नुकसानीचा आहे. कायद्याच्या चौकटीत त्या बरोबर होत्या, आणि आयोगाचा दावा तिथंच कच्चा पडला. सोनीची कैफियत आयोगानं जवळपास आपलीच करून मांडली, आणि सोनी म्हणजे तर या बाजारातली सगळ्यात मोठी असामी. निकाल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला, ५३ पानांचा. मायक्रोसॉफ्टनं ‘कॉल ऑफ ड्यूटी’ दहा वर्षं प्लेस्टेशनवर ठेवण्याचं लेखी, जाहीरपणे आणि कोर्टात कबूल केलंय, निन्टेन्डोशी करार केलाय. म्हणजे छाननीचा उपयोग झालाच, असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि मनाई नाकारली. चार दिवसांत वरच्या कोर्टानंही तात्पुरती मनाई नाकारली; अपील मात्र चालू राहिलं.

खरी अडवणूक केली ती ब्रिटननं. तिथल्या नियामकानं कन्सोलचा मुद्दा मार्चमध्येच सोडून दिला होता. २६ एप्रिल २०२३ रोजी सौदा रोखला तो क्लाउड गेमिंगच्या मुद्द्यावर, म्हणजे कन्सोल न घेता इंटरनेटवरून गेम खेळण्याच्या बाजारावर. त्या बाजारात जगातला ६० ते ७० टक्के वाटा मायक्रोसॉफ्टकडे आहे, असा त्यांचा हिशेब. मायक्रोसॉफ्टचे ब्रॅड स्मिथ इतके चिडले की ब्रिटनमधल्या आमच्या चार दशकांतला हा सर्वांत काळा दिवस, असं त्यांनी बीबीसीला सांगितलं. युरोपीय आयोगानं मात्र मे महिन्यात अटी घालून परवानगी दिली. शेवटी ऑगस्टमध्ये तोडगा निघाला: अ‍ॅक्टिव्हिजनच्या आधीच्या आणि पुढच्या १५ वर्षांत येणाऱ्या गेम्सचे क्लाउडचे हक्क युबिसॉफ्टला द्यायचे. युबिसॉफ्टचे स्टुडिओ पुण्यात आणि मुंबईतही आहेत, त्यामुळे आमच्याकडे चहाच्या टेबलावर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. १३ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्रिटननं होकार दिला आणि त्याच दिवशी सौदा पुरा झाला.

२५ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टनं गेमिंग विभागातल्या २२,००० पैकी १,९०० जणांना काढत असल्याचं जाहीर केलं. ब्लिझर्डमधला एक नवा सर्व्हायव्हल गेम, ज्यावर अनेक वर्षं काम चालू होतं, तोही गुंडाळला. त्यावर अमेरिकेच्या आयोगानं अपिलाच्या कोर्टाला पत्र लिहिलं. पत्रातला मुद्दा काय, तर दोन्ही कंपन्या स्वतंत्रपणे चालतील असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं, त्याच्याशी ही कपात विसंगत आहे. मायक्रोसॉफ्टचं उत्तर, अ‍ॅक्टिव्हिजन आधीपासूनच कपातीच्या विचारात होती. एवढ्या लांबलेल्या प्रकरणात काम करणारी माणसं कोर्टाच्या कागदावर ठळकपणे आली ती अशी, नोकरी गेल्यावर, आणि तीसुद्धा दुसराच मुद्दा सिद्ध करण्यासाठी पुरावा म्हणून. अपिलाच्या कोर्टानं मे २०२५ मध्ये खालचा निकाल कायम केला आणि त्याच महिन्यात आयोगानं खटला सोडून दिला.

कायद्यात या माणसांना जागा करता आली नसती का? आली असती. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे सौदा पुरा झाल्यावर दोन महिन्यांनी, आयोग आणि न्याय खात्यानं विलीनीकरणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातलं दहावं कामगारांबद्दल आहे: दोन मालक एक झाले की नोकरी बदलण्याच्या जागा कमी होतात आणि पगार दबतो, तेव्हा श्रमाच्या बाजारातली स्पर्धाही तपासावी. आमच्या क्षेत्रात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अनुभवी लेव्हल डिझायनरला मोठ्या गेमवर काम करायचं असेल, तर जगात दारं मोजकी आहेत. १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडणारे चौघं एक कंपनी काढू शकले. आज २२ कोटी डॉलरचा गेम चौघांच्यानं होत नाही. आयोगानं सोनीऐवजी या माणसांच्या बाजूनं दावा मांडला असता तर जिंकला असता, असं मी म्हणत नाही. पण तो मांडण्याजोगा दावा होता, आणि न्यायाधीशांना निदान त्यावर काही लिहावं लागलं असतं.

कोर्टाबाहेर मात्र या कामगारांनी स्वतःच हालचाल केली होती. विस्कॉन्सिनमधला रेव्हन सॉफ्टवेअर हा अ‍ॅक्टिव्हिजनचा स्टुडिओ, ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’वर काम करणारा. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या १२ टेस्टरना कामावरून कमी करतोय असं सांगण्यात आलं, तेव्हा बाकीच्यांनी काम बंद केलं. सौदा जाहीर झाल्यावर तीनच दिवसांनी त्यांनी युनियन करत असल्याचं कळवलं. मे २०२२ मध्ये मतदान झालं: बाजूनं १९, विरोधात ३. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनं कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेशी करार केला की अ‍ॅक्टिव्हिजन आपल्याकडे आल्यावर तिथं कुणी युनियन करायला निघालं तर आम्ही आड येणार नाही. त्यानंतर ही संघटना सौद्याच्या बाजूनं उभी राहिली. त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. कायदा तुमच्याकडे बघतच नसेल, तर विकत घेणाऱ्याकडून जमेल तेवढं लिहून घेणं हाच व्यवहार. मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्निया, टेक्सास आणि मिनेसोटातल्या अ‍ॅक्टिव्हिजनच्या सुमारे ६०० टेस्टरची युनियन मायक्रोसॉफ्टनं मान्य केली. रेव्हनच्या टेस्टरना पहिला करार मिळायला मतदानानंतर तीन वर्षांहून जास्त काळ गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो झाला.