मुक्काम समुद्राकाठी, व्हाया मनमाड

मानवतच्या माणसाला समुद्र हा परदेशच होता. हे अलंकारिक बोलणं नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचं गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि त्या संस्थानाला किनाराच नव्हता. ८२ हजार चौरस मैलांहून जास्त मुलूख, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स एकत्र केले तर साधारण तेवढा. पण खारं पाणी औषधालाही नाही!

पूर्वी होतं. पूर्व किनाऱ्यावरचे 'उत्तर सरकार' म्हणून ओळखले जाणारे जिल्हे निजामाकडे होते. १७६६ च्या तहाने ते ईस्ट इंडिया कंपनीला गेले, उरलेलं गुंटूर १७८८ मध्ये गेलं, आणि समुद्राची वाट बंद झाली. १८०२ च्या व्यापारी तहात मच्छलीपट्टणचं बंदर वापरायची सवलत मिळाली, पण बंदर दुसऱ्याचंच. अगदी शेवटी, १९४७ च्या सुमारास, पोर्तुगीजांकडून गोव्याचं बंदर मिळतंय का याचीही चाचपणी निजामाने करून पाहिली. ते जमलं नाही. गंमत बघा, आमच्या तालुक्यात पडलेला पाऊस गोदावरीतून बिनबोभाट समुद्राला जाऊन मिळत होता. माणसांना मात्र हद्द ओलांडावी लागायची.

ती हद्द नुसती नकाशावरची नव्हती. १९०० च्या आसपास हैदराबाद–मनमाड मीटरगेज रेल्वे झाली आणि गावापासून काही मैलांवर मानवत रोड स्टेशन आलं. तिथून गाडीत बसायचं, मनमाडला उतरायचं, सामान खांद्यावर घेऊन मोठ्या रुळाच्या गाडीत चढायचं. मनमाड म्हणजे इंग्रजी मुलूख. आपली ती मोगलाई. दोन्हीकडचं नाणंही वेगळं : शंभर कलदार रुपयांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै मोजावे लागत. माल असेल तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. म्हणजे पैसे बदलणं, नाका आणि गाडीबदल, परदेश प्रवासाचं सगळं साहित्य जमलेलं होतं, फक्त पासपोर्ट नव्हता.

आणि एवढं करून समुद्रावर जायचं कशाला? रामेश्वराला, नाहीतर मुंबईत नोकरीला. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि तिथली वाळू प्रयागला न्यायची, ही जुनी रीत. समुद्र हे तीर्थ होतं. तिथे स्नान करायचं, हात जोडायचे आणि परत फिरायचं. पोरं घेऊन आठ-दहा दिवस किनाऱ्यावर नुसतं राहायचं, खेळायचं, ही कल्पनाच आमच्याकडे नव्हती.

पण ती इतरांकडे तरी कुठे फार जुनी आहे? इंग्लंडजवळच्या मॅन बेटावर १८९४ मध्ये कनिंगहॅम नावाच्या गृहस्थांनी समुद्राकाठी तंबूंची सुट्टी-छावणी काढली. ती फक्त पुरुषांसाठी होती आणि दारूला बंदी. बायका-मुलांना जागा नाही! फ्रान्समध्ये जून १९३६ मध्ये कायदा झाला आणि कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. वर रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत. त्या उन्हाळ्यात कितीतरी कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला. हॉटेल परवडत नव्हतं, म्हणून तंबू. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकरांची रजा प्रवास सवलत ऑक्टोबर १९५६ ची. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, म्हणजे ज्या राज्याला भलामोठा किनारा आहे अशा राज्यात. समुद्र आमचा झाला तो असा, कागदावर, एका दिवसात.

हे सगळं आता आठवायला एक कारण घडलंय. माझा पुतण्या नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. येत्या जुलैत आम्ही दोघं आणि आई, म्हणजे त्याची आजी, तिकडे जाणार आहोत. त्याची दोन मुलं, वय ९ आणि १२. सगळ्यांनी मिळून दहा दिवस समुद्राकाठी तंबूत राहायचं, सायकली, पोहणं, चालणं, असा बेत आहे. त्याने तीन जागा कळवल्या : फ्रान्सचा ब्रिटनी किनारा, क्रोएशियातला इस्त्रिया आणि त्यांचा स्वतःचा हॉलंडचा किनारा. वर म्हणाला, "काका, तुम्ही ठरवा."

मी कापसाच्या बाजारपेठेतला माणूस. समुद्राबद्दल मला काय कळतं? पण विचार करताना लक्षात आलं की यातली अर्धी विद्या आपल्या घरातलीच आहे.

मुक्काम कुठे टाकायचा हे आपल्या लोकांना पक्कं माहीत असतं. पाणी जवळ हवं, पण पाण्याच्या वाटेत राहुटी नको. सखल जागा नको, पाऊस आला की अंथरूण भिजतं. संडास जवळ हवा, पण वाऱ्याच्या दिशेला नको. म्हाताऱ्या माणसाला रात्री उठून जाता आलं पाहिजे. पंढरपूरला दिंड्यांच्या राहुट्या पडतात त्या ६५ एकराच्या तळाला 'भक्तीसागर' म्हणतात. तिथे जागा आखून दिलेली, पाण्याचे नळ, दिवे, शौचालयं. युरोपातला कॅम्प वेगळा काय असतो? तिथेही आखलेली जागा, क्रमांक, नळ. एकादशीला तळावर राहिलेली बाई तिथे बिचकणार नाही.

उरलेली अर्धी विद्या भरती-ओहोटीची. ती आमच्याकडे नाही... असं वाटतं खरं. कोकणात एक सोपा हिशोब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, सकाळी आणि रात्री. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. आमच्या आईला तिथी विचारायला कॅलेंडर लागत नाही. फक्त त्या तिथीच्या दुसऱ्या टोकाला समुद्र बांधलेला आहे, हे मानवतमध्ये कुणाला कळायचं कारण नव्हतं.

हा पाऊणपटीचा हिशोब परक्या किनाऱ्यावर चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, हे तिकडेही खरं. त्या हिशोबाने तिन्ही जागा तपासल्या.

ब्रिटनीत सेंट-मालोच्या बाजूला उधाणाला पाणी १२ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, म्हणजे चार मजली इमारतीएवढं. तिथे रोजची भरती २० ते १२० अशा आकड्यात छापतात. आकडा मोठा तितकं उधाण मोठं. ओहोटीला मुलं शिंपले वेचत लांब जातात आणि मागून पाणी वाट अडवतं. बघायला अद्भुत, पण आमच्यासारख्या नवख्यांनी पहिल्याच खेपेला नको.

इस्त्रियाला याच्या उलट. भरती जेमतेम, पाणी ऊबदार आणि नितळ, पाइनची सावली. पण बराचसा किनारा खडकाळ, कितीतरी ठिकाणी शिडीने पाण्यात उतरायचं, पायात रबरी बूट घालून. मुलं खूश होतील. आई मात्र दहा दिवस काठावर खुर्ची टाकून बसेल.

हॉलंडचा किनारा वाळूचा, सपाट, हळूहळू खोल होत जाणारा. भरती दीड-दोन मीटरची. वाळूच्या टेकड्यांमागे कॅम्प, त्यातून सायकलीच्या वाटा. पाणी जुलैतही गार आणि वारा भरपूर, ही त्याची किंमत. एक धोकाही आहे : वाळूच्या बांधांमधल्या खाचेतून पाणी माणसाला आत ओढतं. पुतण्याच्या मुलांकडे पोहण्याचे दाखले आहेत, पण ते तलावातले. आमच्याकडची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतात, त्यांचीही तीच गत. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं कुठेतरी निघालेलं असतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. चांगली शिकलेली, तरुण मुलं होती ती. म्हणून पहिली अट अशी घातली की जीवरक्षक असलेला किनाराच हवा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, आणि नुसता लाल झेंडा असेल तर पाय भिजवायलाही जायचं नाही. पाण्याने ओढलंच तर काठाकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. हे मुलांकडून पाठ करून घ्यायला सांगितलंय.

तर हॉलंड ठरलं. आईला वेगळा विमानप्रवास नको, हाही विचार होताच. मुलांसाठी तंबू, आईसाठी त्याच आवारात पलंग असलेली लाकडी खोली. तंबू आणि समुद्र यांच्यामध्ये मोटारीचा रस्ता नको, ही दुसरी अट.

तारखा आईने ठरवल्या. जुलैत आषाढी येते, ती मुक्कामात यायला हवी म्हणाली. "त्या दिवशी सगळं पंढरपूर राहुटीत असतं, आपणही असू." पुतण्याने त्या दिवसाचं तिथलं भरतीचं वेळापत्रक बघून ठेवलंय. साबुदाणा आणि दाण्याचं कूट आम्ही इथूनच नेणार आहोत.