चरबी, रक्त आणि पाणी

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भरल्या अंगाच्या म्हशीला भाव मिळतो. माणूस मात्र गेली शंभर वर्षं अंगावरची चरबी उतरवायला जीव धोक्यात घालत आला आहे. चरबी काढणं हे प्लास्टिक सर्जरीचंच एक अंग, आणि त्या सर्जरीचं एक मूळ आपल्याच मुलखात आहे. पुण्याजवळ कावसजी नावाच्या बैलवाल्याचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीनं पुन्हा घडवलं, ती हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं छापली. तिथं गेलेलं परत मिळवायचं होतं. चरबीची कथा सुरू होते ती धडधाकट पायापासून.

१९२०च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिए यांनी एका तरुणीच्या पोटरीतली चरबी काढली. जखम सडली, पाय कापावा लागला, खटला झाला. त्यानंतर कित्येक वर्षं सर्जन या वाटेला फारसे गेले नाहीत.

१९७०च्या दशकात रोममध्ये फिशर पिता-पुत्रांनी पोकळ नळीतून चरबी ओढून काढली. १९७७ साली पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे पाठीवर चरबीची गाठ असलेली तरुणी आली. तिला मोठा व्रण नको होता. इलूझनी बारीक छेदातून बोथट नळी घातली. पुढे ते आधी सलाइन सोडून चरबी भिजवू लागले. कोरड्या पद्धतीत बाहेर येणाऱ्या ऐवजात २० ते ४५ टक्के रक्तच असे. रुग्णाला रक्त चढवावं लागे.

हे थांबवलं कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी. १९८७ साली त्यांनी आपली कृती छापली: भरपूर सलाइन, त्यात बधिर करणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनलिन. चरबी फुगून घट्ट होते, रक्ताचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येतं. माझ्या मते या कुळातला खरा मूळपुरुष हाच. जर्मनीत या शतकाच्या सुरुवातीला पुढं आलेली पाण्याच्या झोताची पद्धत त्याचीच लेक. तिच्यात एकाच नळीतून पंख्यासारखा पसरणारा झोत चरबी सुटी करतो आणि तीच नळी ती शोषून घेते. नसा, रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी शाबूत राहतात आणि आधी अंग फुगवून थांबावं लागत नाही.

चरबी काढून मधुमेह उतरेल या आशेनं कुणी नगरच्या किंवा संभाजीनगरच्या दवाखान्याचा रस्ता धरणार असेल, तर त्याला एक गोष्ट आधी कळायलाच हवी. २००४ साली अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा-दहा किलो चरबी शोषून काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं, तेव्हा साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय फरक नव्हता. कातडीखालची चरबी गेली होती. आतड्यांभोवतीची तिथंच होती.