वर्गणी पंचवीस रुपये

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षण व संशोधन संस्था आणि जवळपास १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा या योजनेचा आवाका आहे. एकेकट्या संस्थेला न परवडणारी नियतकालिके सर्वांनी मिळून घ्यावीत, ही तिच्यामागील मूळ कल्पना. भारतात ती मांडली गेली त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. ती मांडणारा कोणी मंत्री नव्हता, एक डेप्युटी कलेक्टर होता.

व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. शिकत असतानाच ते लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’ला गणिती लेखन पाठवीत असत. असे लिहिणारा माणूस प्राध्यापकच असणार, असे तेथील संपादकांनी गृहीत धरले आणि तेव्हापासून मित्रमंडळी त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणू लागली. पुढे ते महसूल खात्यात गेले. गणिताची ओढ मात्र कायम राहिली. अनंतपूर जिल्ह्यातील गुत्ती येथे नेमणुकीवर असताना अद्ययावत गणिती नियतकालिक वाचायला मिळणे त्यांना दुरापास्त होते.

२५ डिसेंबर १९०६ रोजी त्यांनी गणितप्रेमी परिचितांना एक पत्र धाडले. त्यातील योजना साधी होती. काही मित्रांनी एकत्र येऊन छोटी गणित संस्था स्थापावी, प्रत्येकाने वर्षाला २५ रुपये वर्गणी द्यावी, त्या पैशातून महत्त्वाची परदेशी नियतकालिके व ग्रंथ मागवावेत आणि ते टपालाने सभासदांमध्ये फिरवावेत. निदान सहा जण मिळाले तरी काम सुरू करता येईल आणि वीस जण मिळाले तर बरेच काही साधेल, असा त्यांचा हिशेब होता. ४ एप्रिल १९०७ रोजी ‘अ‍ॅनालिटिक क्लब’ या नावाने संस्था उभी राहिली, ती नेमकी वीस सभासदांनिशी. मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक बी. हनुमंत राव पहिले अध्यक्ष झाले. ग्रंथालय मात्र पुण्याला, फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवले गेले. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे त्या वेळी तेथे प्राचार्य होते. लंडन-पॅरिसहून आलेले अंक पुण्यात उतरत आणि तेथून टपालाने देशभरातील सभासदांकडे जात.

येथवरची हकीकत एका वाचनमंडळाची आहे. परंतु वाचणाऱ्यांना लवकरच लिहावेसे वाटू लागले. १९०९ पासून संस्थेने स्वतःचे द्वैमासिक काढले. १९१० मध्ये संस्थेला ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ हे आजचे नाव मिळाले. बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजातील एम. टी. नारायण अय्यंगार हे नियतकालिकाचे संपादक. संशोधनपर लेखांबरोबरच त्यात प्रश्नांचे एक सदर असे. कोणी प्रश्न पाठवावा आणि कोणीही उत्तर द्यावे. त्यासाठी पदवीची अट नव्हती.

ही अट नसण्याचे महत्त्व पुढच्या दोनच वर्षांत दिसून आले. १९१० मध्ये तिरुकोइलूर येथे रामस्वामी अय्यरांकडे बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण कारकुनीची नोकरी मागायला आला. एफ. ए.च्या परीक्षेत तो वारंवार अनुत्तीर्ण झाला होता. हाती होत्या त्या फक्त गणिताने भरलेल्या वह्या. त्या चाळल्यावर अय्यरांनी श्रीनिवास रामानुजनला कारकुनी दिली नाही. या बुद्धीला महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर बसविणे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी त्याला मद्रासमधील गणितज्ञ स्नेह्यांच्या नावे परिचयपत्रे दिली. त्या ओळखींच्या साखळीतून नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत तो पोहोचला आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून त्याला महिना २५ रुपये देण्यास सुरुवात केली.

१९११ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात रामानुजनचे प्रश्न छापून येऊ लागले. त्यांतील २८९ क्रमांकाचा प्रश्न गणिताच्या विद्यार्थ्यांमध्ये आजही प्रसिद्ध आहे. एकात एक गुंफलेली अनंत वर्गमुळे देऊन त्याने त्यांची किंमत विचारली होती : √(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …)))). अंकांमागून अंक निघाले, सहा महिने गेले, तरी एकाही वाचकाचे उत्तर आले नाही. शेवटी रामानुजननेच ते दिले : ३. त्यामागील युक्ती शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. ३ म्हणजे √(१ + २×४). त्यातील ४ म्हणजे √(१ + ३×५). त्यातील ५ म्हणजे √(१ + ४×६). आणि असेच पुढे. अर्थात अनंतापर्यंत जाताना ही मांडणी खरोखरच ३ वर स्थिरावते, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

त्याच वर्षी बर्नुलीच्या संख्यांवरील रामानुजनचा पहिला शोधनिबंध तेथेच प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी इतकी त्रोटक आणि अनोळखी होती की सामान्य वाचकाला ती समजणे कठीण होते. संपादकांनी निबंध फेटाळला नाही. पुन्हा पुन्हा दुरुस्त्या करवून घेऊन तो छापण्याजोगा केला. १९१२ मध्ये रामानुजन महिना ३० रुपयांवर मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागला. तेथील मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर हे गणित संस्थेचे कोषाध्यक्ष होते. वर्गणीचा हिशेब ठेवणारा हा गृहस्थ संध्याकाळी पाट्या घेऊन रामानुजनबरोबर गणिते सोडवीत बसे. केंब्रिजला हार्डींना लिहिलेले प्रसिद्ध पत्र १६ जानेवारी १९१३ चे आहे. तोपर्यंत या तरुणाच्या नावावर छापील शोधनिबंध जमा झाला होता, तो वीस जणांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या नियतकालिकामुळे.

याच शहरातील आणखी दोन विद्यार्थ्यांची उदाहरणे या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. १९०६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विवर्तनावरील आपला पहिला निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ला पाठविला. १९२८ मध्ये त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्याच महाविद्यालयात पदवीचे शिक्षण घेत होते. त्यांचा पहिला निबंध कलकत्त्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला. हे नियतकालिक ज्या संस्थेचे, ती ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ १८७६ मध्ये महेंद्रलाल सरकार यांनी लोकांकडून देणग्या जमवून उभारली होती. काका व पुतण्याच्या पहिल्या निबंधांमधील या बावीस वर्षांत देशातील विद्यार्थ्याला देशातच लिहिण्याची जागा निर्माण झाली होती. ती जागा कोणीतरी आधी पैसे भरून ठेवली होती.

१९३३ मध्ये गणित संस्थेने विद्यार्थी व अध्यापक यांना समोर ठेवून ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ हे दुसरे नियतकालिक सुरू केले. ते आजही प्रसिद्ध होते.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालविलेले विज्ञान संशोधनाचे नियतकालिक आज काढायचे झाल्यास कागद आणि छपाई यांवाचून भागते. आयएसएसएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. खर्च उरतो तो संकेतस्थळाचा, डीओआयच्या वार्षिक शुल्काचा, अक्षरजुळणीचा आणि जुने अंक कायम उपलब्ध ठेवण्याचा. रक्कम मोठी नसते, पण ती दरवर्षी लागते. आणि विद्यार्थी-संपादक तर तीन-चार वर्षांत महाविद्यालय सोडून जातात. एखादी मोठी देणगी किंवा प्रायोजक पहिला अंक काढून देतो. बाराव्या अंकाचा खर्च मात्र पुन्हा कोणाकडे तरी मागावाच लागतो.

अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे लेखकाकडूनच शुल्क घेणे. जगातील अनेक नियतकालिके आज तेच करतात. हा मार्ग १९११ च्या मद्रासला लावून पाहावा. बेरोजगार रामानुजनचा महिन्याचा सारा निर्वाह २५ रुपयांवर चालला होता. बर्नुलीच्या संख्यांवरील निबंध छापण्यासाठी त्याच्याकडे पैसे मागितले असते, तर तो निबंध वहीतच राहिला असता. रामस्वामी अय्यरांनी पैसे मागितले ते वाचणाऱ्यांकडे. त्या काळी २५ रुपये ही किरकोळ रक्कम नव्हती; पोर्ट ट्रस्टच्या कारकुनाच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी होती. ती भरू शकणाऱ्यांनी भरली आणि ज्याला एक रुपयाही भरता आला नसता त्याच्यासाठी पाने मोकळी राहिली.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे १९०६ च्या पत्रातील योजनेचा वाचनाचा भाग सरकारी खर्चाने आणि फार मोठ्या प्रमाणावर पुरा होत आहे. लिहिण्याचा भाग त्यात आपोआप येत नाही. जगातील १३,००० नियतकालिके वाचणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला आपले पहिले, कच्चे, पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागणारे लेखन पाठविण्यासाठी जवळची जागा हवी असते, आणि ते परत पाठवून नीट करवून घेणारा संपादकही. त्यासाठी माजी विद्यार्थी, अध्यापक आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक यांच्याकडे दरवर्षी ठरावीक वर्गणी मागणे, आणि सहा जण जमले तरी सुरुवात करणे, हा मार्ग एकदा आजमावून झालेला आहे. पुण्यात सुरू झालेले त्या संस्थेचे ग्रंथालय आज चेन्नईत, मद्रास विद्यापीठाच्या रामानुजन इन्स्टिट्यूटमध्ये आहे. ज्या नावाने ती इमारत ओळखली जाते, तो त्या वर्गणीवर चाललेल्या नियतकालिकाचा एक लेखक होता.