एक कुटुंब, एक पॅकार्ड आणि ३२ दिवस

थ्रेड : १९०८ साली पत्नी आणि तीन मुलांना घेऊन मोटारीने अमेरिका ओलांडणाऱ्या मर्डॉक कुटुंबाविषयी, आणि गाडी दमदार असूनही रस्ता नसेल तर काय होते, ह्याविषयी.

१९०३ साली डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन ह्याने सॅन फ्रान्सिस्कोत ५० डॉलरांची पैज लावली आणि विंटन कंपनीच्या मोटारीने तो न्यूयॉर्ककडे निघाला. सोबतीला सूअल क्रॉकर हा मेकॅनिक होता. ६३ दिवसांनी दोघे न्यूयॉर्कला पोहोचले. मोटारीने अमेरिका खंड ओलांडण्याचा हा पहिला यशस्वी प्रवास मानला जातो.

ह्या प्रवासात जॅक्सनची पत्नी बर्था कोठे होती? ती आगगाडीने व्हरमाँटला घरी गेली होती. वाटेत आयडाहोमध्ये घेतलेल्या 'बड' नावाच्या कुत्र्याला मात्र गाडीत जागा मिळाली, डोळ्यांना धुळीचा चष्मादेखील मिळाला. त्याची छायाचित्रे आजही आवडीने पाहिली जातात. त्या काळी मोटारप्रवास हे पुरुषांचे साहस होते आणि कुटुंबाने आगगाडीने जायचे, हा संकेत होता. त्यात गैर काही नव्हते, कारण आगगाडी चार-पाच दिवसांत सुखरूप पोहोचवत असे.

हा संकेत मोडला जेकब मर्डॉक ह्या गृहस्थाने. पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाउनचा हा लाकडाचा व्यापारी. २४ एप्रिल १९०८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाहून तो निघाला तेव्हा गाडीत त्याची पत्नी ॲना, दोन मुली आणि एक मुलगा होते. तिन्ही मुले शाळकरी वयाची. २६ मे रोजी हे कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले. ३२ दिवस आणि सुमारे ३,७०० मैल. सगळ्या कुटुंबाने एकत्र मोटारीने खंड ओलांडल्याचे हे पहिले उदाहरण होय.

ह्या आकड्यांचे मोल कळण्यासाठी त्याच वर्षीची दुसरी घटना शेजारी ठेवावी. १२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंतची प्रसिद्ध मोटारशर्यत सुरू झाली. पुढे ती जिंकणारी 'टॉमस फ्लायर' ही ६० अश्वशक्तीची गाडी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली ती ४१ दिवसांनी, २४ मार्चला. बरोबर एक महिन्याने मर्डॉक निघाला आणि मुलाबाळांसह नऊ दिवस कमी घेऊन पलीकडे गेला. अर्थात ही तुलना पूर्णतः न्याय्य नाही. शर्यतीच्या गाड्या ऐन हिवाळ्यात बर्फ उपसत गेल्या होत्या, तर मर्डॉकने वसंत ऋतू निवडला. परंतु निघण्याची वेळ निवडणे हासुद्धा प्रवासाच्या कौशल्याचाच भाग असतो.

आता गाडीकडे वळू. मर्डॉकची गाडी होती 'पॅकार्ड थर्टी'. चार सिलिंडर, सुमारे सात लिटरचे इंजिन आणि ३० अश्वशक्तीचे मानांकन. आज भारतातील रस्त्यांवर धावणारी सव्वा लिटरची छोटी गाडी ह्याहून दुपटीने अधिक अश्वशक्ती देते, म्हणून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या काळच्या दमदार गाडीचा कस अतिवेगावर ठरत नसे. प्रचंड सिलिंडर, संथ फिरणारे इंजिन आणि कमी फेऱ्यांतही मिळणारी जबरदस्त ओढ, हे तिचे बळ. वाळूत चाके रुतली, चढ अंगावर आला, गाडीत सहा-सात माणसे आणि महिन्याभराचे सामान असले, तरी इंजिन बंद न पडता गाडी पुढे रेटत राहणे म्हणजे 'परफॉर्मन्स'.

किंमत? पॅकार्ड थर्टीची टूरिंग गाडी ४,२०० डॉलरांना मिळे. तेव्हाच्या अमेरिकी कामगाराची वर्षाची कमाई साधारण पाचशे-सहाशे डॉलरांच्या घरात होती. म्हणजे सात-आठ वर्षांची अख्खी मजुरी एका गाडीत. (फोर्डची 'मॉडेल टी' त्याच वर्षी ऑक्टोबरात बाजारात आली, ८५० डॉलरांना. मर्डॉक घरी पोहोचला तेव्हा ती जन्मायची होती.)

एवढे पैसे मोजून सुखसोयी किती, तर बेताच्या. उघड्या बांधणीची गाडी, बाजूंना काचा नाहीत, सुकाणू उजव्या हाताला. इंजिन सुरू करायचे तर पुढे उभे राहून हॅण्डल मारायचे, कारण विजेचा स्टार्टर यायला अजून चार वर्षे होती. टायर अरुंद आणि कडक दाबाचे, त्यामुळे पंक्चर पाचवीला पुजलेले. पंक्चर झाले की टायर हत्यारांनी रिमवरून उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे, पुन्हा बसवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. एका पंक्चरला तासभर जाणे ही नेहमीची बाब होती.

मुख्य अडचण मात्र रस्त्याची होती, किंबहुना रस्ता नसण्याची. १९०४ साली अमेरिकी सरकारने ग्रामीण रस्त्यांची मोजदाद केली. एकूण सुमारे २१.५ लाख मैल रस्ते निघाले आणि त्यांपैकी खडी, मुरूम वगैरे घालून सुधारलेले फक्त ७ टक्के. उरलेले ९३ टक्के म्हणजे मातीवर उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या.

मराठीत 'चाकोरी' हा शब्द आपण आता लाक्षणिक अर्थानेच वापरतो. १९०८च्या मोटारचालकापुढे ती शब्दशः उभी होती. घोडागाड्यांच्या लोखंडी धावांनी वर्षानुवर्षे कोरलेली दोन खोल चर आणि मधे उंचवटा. मोटारीची चाके त्या चरांत उतरली की बाहेर काढणे महाकठीण. उंचवटा जास्त असेल तर गाडीचे पोट त्यावर टेकते आणि चाके अधांतरी फिरत राहतात. म्हणून जमिनीपासूनची उंची हा तेव्हा गाडीचा जीवनमरणाचा गुण होता. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

मर्डॉकला ह्या संकटांची जाणीव होती आणि त्याने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. त्याने लेस्टर व्हिटमन ह्याला वाटाड्या म्हणून सोबत घेतले. पॅसाडेनाचाच रहिवासी असलेला व्हिटमन १९०३, १९०४ आणि १९०६ अशा तीन वेळा खंड ओलांडून आलेला होता. १९०६ साली फ्रँकलिन गाडीने त्याच्या चमूने १५ दिवसांत हे अंतर कापले होते. त्याखेरीज एक मेकॅनिकही होता. 'एकट्या बापाने बायकामुलांना घेऊन केलेला प्रवास' ही प्रतिमा कितीही मोहक असली, तरी प्रत्यक्षात गाडीत दोन पगारी तज्ज्ञ होते.

व्हिटमन सोबत होता तो युटामधील ऑग्डेनपर्यंत, कारण खरा कठीण टप्पा तोच. मोहावेचे वाळवंट आणि पुढे नेवाडाचा ओसाड प्रदेश. अशा वाटांवर मोटारवाले किरमिजाचे लांब पट्टे बाळगत. वाळूत चाकांपुढे पट्टा अंथरायचा, गाडी त्यावरून न्यायची, मागचा पट्टा उचलून पुन्हा पुढे टाकायचा. फावडे, कुऱ्हाड, जाड दोर आणि कप्पी हे सामान टायरइतकेच आवश्यक. पाणी माणसांना लागेच, त्याआधी रेडिएटरला लागे.

ऑग्डेनच्या पुढे वाट चुकण्याची भीती कमी होती, कारण वायोमिंगमध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेचा रूळ धरून जाता येई. मोटारींचे सारे शौर्य अशा रीतीने रेल्वेच्या आधाराने चाले. पेट्रोल, सुटे भाग, तार, निवारा, सगळे रेल्वे स्थानकाभोवती मिळायचे. मिसुरी नदी ओलांडली की मग आयोवाची काळी माती. पावसात ही माती काय करते हे विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. चाकाला चिकटून ती इतकी जाड होते की चाक फिरायचेच थांबते.

३२ दिवसांत ३,७०० मैल म्हणजे दिवसाला सरासरी ११५ मैल, सुमारे १८५ किलोमीटर. मुंबई-नाशिकहून थोडे अधिक, तेही पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, उघड्या गाडीत, तीन मुलांसह.

नकाशांची अवस्था कशी होती, ह्याचा एक मासलेवाईक किस्सा पुढच्याच वर्षीचा आहे. १९०९ साली २२ वर्षांची ॲलिस रॅम्झी तीन महिलांना सोबत घेऊन मॅक्सवेल गाडीने न्यूयॉर्कहून निघाली आणि ५९ दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली. खंड ओलांडणारी ती पहिली महिला चालक. तिच्याजवळच्या 'ब्लू बुक' ह्या मार्गदर्शिकेत एके ठिकाणी 'पिवळ्या घरापाशी वळा' असे लिहिले होते. पिवळे घर काही सापडेना. चौकशीअंती कळले, की मोटारींचा द्वेष करणाऱ्या मालकाने प्रवासी चुकावेत म्हणून घराला मुद्दाम हिरवा रंग दिला होता! पश्चिमेकडे तर ब्लू बुकचा उपयोगच नव्हता. तेथे ज्या खांबांवर तारा जास्त, ती वाट मोठ्या गावाची, असा अंदाज बांधत ती गेली.

येथे साधनांविषयी एक सावधगिरी. मर्डॉकच्या प्रवासाचे मुख्य वर्णन आहे ते त्याच्याच नावाची 'ए फॅमिली टूर फ्रॉम ओशन टू ओशन' ही पुस्तिका, आणि ती प्रसिद्ध केली पॅकार्ड कंपनीने. आश्रयदात्यासाठी लिहिलेली बखर जशी वाचावी, तशीच ही वाचली पाहिजे. तारखा, अंतरे, मुक्काम ह्यांसाठी ती उपयुक्त आहे. 'कोणालाही काही त्रास झाला नाही' अशा सुराकडे मात्र संशयानेच पाहावे.

कंपनीला हा प्रवास का हवाहवासा वाटला, हे उघड आहे. शर्यत जिंकणारी गाडी धाडसी तरुणांना भुरळ घालते. पण ४,२०० डॉलर मोजणारा ग्राहक मध्यमवयीन, संसारी आणि सुखवस्तू असे. त्याला पटवायला गाडीत बसलेल्या ॲना आणि मुलांहून चांगला पुरावा कोणता? त्यांनी दोरखंड ओढले असतील, चिखलात चालल्या असतील, मुले आजारी पडली असतील किंवा कंटाळून रडली असतील. जाहिरातीत त्यांचे काम एकच होते, सुखरूप दिसणे. मोटारीच्या इतिहासात कुटुंबाचा प्रवेश असा साक्षीदार म्हणून झाला, हे विसरता येत नाही.

पुढील घटनाक्रम रंजक आहे. खंड ओलांडणाऱ्या सलग रस्त्यासाठी १९१३ साली 'लिंकन हायवे असोसिएशन' स्थापन झाली. तिचा अध्यक्ष कोण, तर पॅकार्ड कंपनीचाच अध्यक्ष हेन्री जॉय. उत्तम गाडी बनवणाऱ्याला रस्त्याची टंचाई सर्वांत आधी जाणवली, ह्यात नवल नाही. १९१५ साली जॉय स्वतः पॅकार्डमधून डेट्रॉइटहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. पण लिंकन हायवे तेव्हा बव्हंशी नकाशावरची रेघ आणि खांबांवरच्या रंगीत खुणा एवढाच होता.

ह्याची प्रचीती त्याच वर्षी एमिली पोस्ट हिला आली. पुढे १९२२ साली शिष्टाचारावरील ग्रंथामुळे घराघरांत पोहोचलेली हीच ती लेखिका. सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरले होते. 'आरामात किती दूर जाता येते' हे पाहण्यासाठी ती मुलगा आणि एका नातलग बाईसह न्यूयॉर्कहून निघाली. मुलगा चालक. गाडी भारी युरोपीय बनावटीची, लांबलचक आणि जमिनीलगत, युरोपच्या गुळगुळीत रस्त्यांवर वाऱ्यासारखी पळणारी.

आणि चाकोरीचा मुद्दा येथे पुन्हा आला. इलिनॉयच्या चिखलाने त्यांना आधीच अडवले होते. पुढे लिंकन हायवे सोडून ते दक्षिणेला वळले, तर नैऋत्येच्या खडकाळ वाटांवर गाडीचे पोट घासू लागले. जी बांधणी वेगासाठी वरदान, तीच येथे शाप. शेवटी ॲरिझोनात गाडी मालगाडीवर चढवून कॅलिफोर्नियाला पाठवावी लागली. ह्यात पोस्टबाईंचा मोठेपणा असा की, हे त्यांनी लपवले नाही. १९१६ सालच्या 'बाय मोटर टू द गोल्डन गेट' ह्या पुस्तकात त्यांनी खर्चाच्या हिशेबासकट सारे सांगितले. मर्डॉकच्या पुस्तिकेशेजारी ठेवून ते वाचावे. एकामागे मोटार कंपनी उभी आहे, दुसऱ्यामागे नाही, हा फरक लगेच जाणवतो.

१९१६ सालीच अमेरिकी काँग्रेसने रस्त्यांसाठी राज्यांना पाच वर्षांत साडेसात कोटी डॉलर देणारा कायदा केला. अट अशी, की राज्याला स्वतःचे महामार्ग खाते हवे. मधे महायुद्ध आले आणि कामे रेंगाळली.

जुलै १९१९मध्ये अमेरिकी लष्कराचा मोटारींचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. सरकारी यंत्रणा, अभियंते, दुरुस्तीची फिरती कर्मशाळा असा सगळा सरंजाम सोबत होता. त्यांना लागले ६२ दिवस, म्हणजे अकरा वर्षांपूर्वीच्या मर्डॉक कुटुंबाच्या जवळजवळ दुप्पट. ताफ्यात निरीक्षक म्हणून गेलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचे नाव होते ड्वाइट आयझेनहॉवर. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर त्याचीच सही आहे.