वेताळाचे नामांतर

ली फॉक यांचा 1936 सालचा ‘फँटम’ हा 1964 मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्तीत ‘वेताळ’ झाला. हे निव्वळ भाषांतर नव्हे. वेशीबाहेरच्या शेंदूरमाखल्या भूतनाथाचे नाव लाभताच मुखवटाधारी गोरा नायक घरचा वाटू लागला. बंगालची आठवण देणाऱ्या ‘बंगाला’चे ‘डेंकाली’ करून प्रकाशकांनी जो भारतीय संदर्भ पुसला, तोच या नावाने मागल्या दाराने आत आला! 1990 मध्ये मालिका थांबली. जीर्ण अंक जपणारे रसिक आजही कवटीच्या गुहेविषयी, ठसा उमटवणाऱ्या अंगठीविषयी हळवेपणाने बोलतात. कृष्णवर्णीय आदिवासींवर पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोऱ्या घराण्याचा धाक का, हा प्रश्न मात्र त्या स्मरणरंजनात क्वचितच उमटतो. ‘वेताळ’ म्हटल्यावर तो सुचणेच अवघड होते.